सासूबाई म्हणतात खा, जाऊबाई म्हणतात जपून

"ताई, मी २६ वर्षांची, पहिलंच बाळंतपण, २२ वा आठवडा चालू आहे. उंची ५ फूट १ इंच. दिवस राहायच्या आधी वजन ४६ होतं, तिसऱ्या महिन्यात उलट्यांनी ४४ वर आलं आणि आता ४८ आहे, म्हणजे पाच महिन्यांत फक्त २ किलो. मोबाईलमधलं ॲप लाल रंग दाखवतं. डॉक्टर म्हणाले जरा कमी आहे आणि प्रोटीन पावडर लिहून दिली, तिचा वासच सहन होत नाही. सासूबाई म्हणतात दोन जिवांचं खा, आणि वरणभातावर तूप ओततात. जाऊबाई म्हणतात जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होऊन सिझर होईल, त्यांचं झालंय. मी शाळेत शिकवते. सकाळी साडेसहाला चहा आणि दोन खारी, निघताना घाईत अर्धी पोळी, दीडला डबा, साडेपाचला घरी आल्यावर चहा-बिस्किट, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर साडेनऊला मी आणि सासूबाई बसतो. रक्तवाढीच्या गोळीने मळमळतं म्हणून पंधरा दिवस बंद केलीय, घरी सांगितलं नाही. गुरुवार आणि संकष्टी करते. अंडं चालतं, मटण-मासे सध्या नकोसे वाटतात. नक्की खाऊ काय आणि किती? – गोंधळलेली, सातारा जिल्हा"

अगं गोंधळलेली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि खरं सांगू, वजनाच्या आकड्यापेक्षा मला ते "सगळ्यांची जेवणं झाल्यावर साडेनऊला" जास्त खटकलं, पण त्याच्याकडे नंतर येते, आधी आकड्यांचं बघू कारण तुझी झोप त्यांनी उडवलीय.

४६ किलो आणि ५ फूट १ इंच म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, साधारण १९ येतो. १८.५ च्या खाली गेलं की कमी वजन धरतात, तू त्या रेषेच्या जेमतेम वर आहेस, म्हणजे नॉर्मल पण बारीक बाजूची. नॉर्मल वजनाच्या बाईने गरोदरपणात ११.५ ते १६ किलो वाढवावं असं अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये सांगितलं आणि जगभरातली ॲप्स बहुतेक तेच आकडे उचलतात. कमी वजनाच्या बाईला १२.५ ते १८, जाड असेल तर ७ ते ११.५ आणि लठ्ठ असेल तर ५ ते ९. आपल्याकडे दवाखान्यात सरसकट १० ते १२ किलो सांगतात. म्हणजे हा एकच आकडा सगळ्यांना नसतोच, तुझ्या शेजारणीचे १५ वाढले आणि तुझे १२ वाढले तर दोघींचंही बरोबर असू शकतं, कारण दोघींची सुरुवातच वेगळी होती.

आता तुझे २ किलो. अगं पहिल्या तीन महिन्यांत वाढ अपेक्षितच असते अर्धा ते दोन किलो, आणि उलट्या असल्या की ज्यांचं कमी होतं अशा बायका मी ओपीडीत रोज बघते. तुझं २ किलोने उतरलं, ठीक. पण त्याच्यानंतर बघ ना, ४४ वरून ४८ म्हणजे साधारण दहा आठवड्यांत ४ किलो, आठवड्याला ४०० ग्रॅम. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत नॉर्मल बाईला आठवड्याला साधारण ३५० ते ५०० ग्रॅम वाढायला हवं. म्हणजे तुझी एसटी स्टँडवरून उशिरा सुटली पण रस्त्याला लागल्यावर स्पीड अगदी बरोबर धरलाय. ॲपला हे कळत नाही, ते फक्त ४८ वजा ४६ करतं आणि लाल होतं.

अर्थात याच वेगाने गेलीस तर चाळिसाव्या आठवड्याला ५५ च्या आसपास पोचशील, म्हणजे एकूण ९ किलो, थोडं कमीच पडेल. तर डॉक्टर म्हणाले "जरा कमी" ते चूक नाही. "जरा" या शब्दाकडे लक्ष दे. थोडं वाढवायला जागा आहे एवढाच त्याचा अर्थ, घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

आणि एक विचारायचं राहिलं, हे तिन्ही आकडे एकाच काट्यावरचे आहेत का? मला शंका आहे. आधीचं ४६ मेडिकलच्या दारातल्या मशीनवर, ४४ आरोग्य केंद्रातल्या काट्यावर आणि ४८ खासगी दवाखान्यात चपला घालून जेवणानंतर, असं निघतं बऱ्याचदा. एका बाईने मला रडत रडत सांगितलं की आठवड्यात दीड किलो कमी झालं, नंतर कळलं की आधीच्या वेळी स्वेटर आणि पर्ससकट उभी राहिली होती. तेव्हा एकच काटा धर, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, पंधरा दिवसांनी एकदा. रोज चढू नकोस त्याच्यावर, रोजचं वजन पाण्यावर आणि पोट साफ होण्यावर खालीवर होतं.

हे वजन जातं कुठे तेही सांगते, कारण जाऊबाईंना वाटतं सगळं बाळातच जातं. बाळ साधारण ३ किलोचं, वार अर्धा-पाऊण किलो, गर्भजल पाऊण ते एक किलो, पिशवी स्वतः एक किलोच्या आसपास वाढते, छाती थोडी, रक्त वाढतं ते सव्वा-दीड किलो, अंगातलं पाणी दीडेक किलो, आणि उरलेली तीनेक किलो चरबी शरीर साठवतं ती पुढे दूध पाजायला लागते म्हणून. म्हणजे ११-१२ किलोतलं बाळ पाव हिस्सा. तू उपाशी राहिलीस तर आधी तुझं रक्त आणि तुझा साठा मार खातो, आणि मग बाळ पण लहान राहतं. अडीच किलोच्या खालच्या बाळाला न्यूमोनिया, इन्फेक्शन, दूध ओढायला त्रास, सगळं जास्त. "बाळ छोटं तर बाळंतपण सोपं" हे आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आणि त्याच्यापायी बायका शेवटच्या दोन महिन्यांत मुद्दाम अर्धपोटी राहतात. नको करूस हे. जाऊबाईंच्या बोलण्यात एक कण खरा आहे तो मी नाकारत नाही, प्रमाणाबाहेर वजन वाढलं किंवा गरोदरपणातली शुगर निघाली की बाळ मोठं होण्याची आणि सिझरची शक्यता वाढते. पण तुझ्या ४८ किलोत तो प्रश्न कुठे आला? आणि सिझर बाळ आडवं असण्यापासून ठोके कमी होण्यापर्यंत दहा कारणांनी होतं, त्यांचं का झालं ते त्यांच्या फाईलमध्ये लिहिलेलं असेल.

आता सासूबाईंचं दोन जिवांचं. दुसरा जीव आत्ता अर्धा किलोचा आहे गं, त्याला काही वेगळं ताट लागत नाही. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब असा की दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत रोज ३५० कॅलरी जास्त लागतात. ३५० म्हणजे किती, तर एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि कपभर दूध. बस. किंवा मूठभर शेंगदाणे, एक केळं आणि एक उकडलेलं अंडं. एवढंच ते "दोन जिवांचं". सासूबाई भातावर ओततात त्या तुपाच्या तीन मोठ्या चमच्यांत पण कॅलरी साडेतीनशेच्या आसपास निघतील, पण त्यात बाळाच्या मांसाला आणि तुझ्या रक्ताला उपयोगी असं जवळजवळ काही नाही. एक चमचा घे, छान लागतं, सासूबाईंचं मनही राहतं. आणि नवव्या महिन्यात तूप प्यायलं की बाळ सुळकन येतं म्हणतात त्याचं काय, तर अगं तूप जातं आतड्यात आणि बाळ येतं पिशवीतून, दोघांची वाटेत कुठेही गाठ पडत नाही.

हसू नकोस, मी स्वतः फसलेय यात. माझ्या पहिल्या वेळी मी आहारशास्त्र शिकलेली असून आईने पाठवलेले डिंकाचे लाडू "चांगलेच असतात की" म्हणत दिवसाला चार-चार खाल्ले, पाणी पिताना एक, टीव्ही बघताना एक, एकेक लाडू दोनशे कॅलरींच्या पुढचा, आणि १९ किलो वाढवले. बाळ २ किलो ९००. बाकीचं सगळं माझ्याकडेच राहिलं, आणि त्यातलं काही अजून आहे.

तर किती हे झालं, आता काय. इथे मला पुण्याजवळच्या गावांचा तो अभ्यास आठवतो, पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सहा गावांतल्या गरोदर बायकांचं खाणं मोजलं होतं. शेतात राबणाऱ्या बायका, दिवस राहायच्या आधी सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, बाळं सरासरी २.७ किलोची. त्यात असं दिसलं की नुसत्या एकूण कॅलरी किंवा एकूण प्रोटीनशी बाळाच्या वजनाचा फारसा संबंध लागेना, पण ज्या बायका पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. आणि ज्यांना जास्त अंगमेहनत पडत होती त्यांची लहान. माझ्या दृष्टीने आपल्या मराठी घरांसाठी यापेक्षा जवळचा पुरावा नाही, आणि यातलं काहीच महाग नाही. मेथी, माठ, चवळई, शेपू, शेवग्याचा पाला, अंबाडी, जे आठवडी बाजारात जुडीने मिळतं ते रोज एक वेळ. पेरू, केळं, संत्रं, सीझनचं जे असेल ते.

प्रोटीनचं म्हणशील तर शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम जास्त लागतं, आत्ता त्याच्या निम्म्याहून कमी. २२ ग्रॅम म्हणजे दोन अंडी, कपभर दूध आणि छोटी मूठ शेंगदाणे. पावडरचा वास सहन होत नसेल तर पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सरळ विचार, की मी रोज एवढं एवढं खाते, तरी पावडर लागेल का. आणि डब्यावर मागे बघ, बऱ्याच पावडरीत साखरच भरपूर असते. अंडं पूर्ण उकडलेलं खा, अर्धकच्चं नको, दूध उकळलेलं.

आता त्या साडेनऊवर येते. तू सांगितलेलं सगळं मी कागदावर मांडलं. सकाळी साडेसहा ते दुपारी दीड, सात तास, त्यात चहा, खारी आणि अर्धी पोळी. दीड ते साडेनऊ, आठ तास, त्यात चहा आणि बिस्किटं. म्हणजे अख्ख्या दिवसात जेवण असं दोनदाच, आणि मध्ये मैदा आणि साखर. यात तू ३५० कॅलरी घुसवणार कुठे? रात्री साडेनऊला एकदम जास्त खायला गेलीस की जळजळणार, कारण पिशवी वर सरकतेय आणि पोटाला जागा कमी होतेय. तुझी अडचण भुकेची किंवा ताटाची नाहीये, वेळेची आहे, आणि थोडी घरातल्या पद्धतीची.

म्हणून एक डबा जास्त ने. साधा छोटा, पोरांचा खाऊचा असतो तसला. त्यात भाजलेले शेंगदाणे-फुटाणे-गूळ, किंवा थालीपीठ, किंवा उकडलेलं अंडं आणि एक पेरू. साडेदहाची छोटी सुट्टी होते ना, तेव्हा स्टाफरूममध्ये बसून खायचं, वह्या नंतर. सकाळची खारी बंद कर, त्याच्या जागी रात्रीची भाकरी दुधात कुस्करून किंवा नाचणीची आंबील, दोन मिनिटांचं काम. साडेपाचला आल्यावर वाटीभर मोडाची उसळ लिंबू पिळून, किंवा पोहे शेंगदाणे घालून, आणि चहा त्यानंतर तासाभराने. आणि रात्री आठला जेव.

हो, आठला, सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांबरोबर. मला माहितीये सातारा जिल्ह्यातल्या एकत्र घरात हे लिहिणं सोपं आणि करणं अवघड. पण तू म्हणतेस सासूबाई पण साडेनऊलाच बसतात, म्हणजे त्या काही तुला मुद्दाम मागे ठेवत नाहीयेत, त्यांनी स्वतः आयुष्यभर तसंच केलंय. त्यांच्याशी "ताई म्हणाल्या तूप नको" असं भांडू नकोस. त्यांना म्हण, "आई, तुम्ही म्हणता ना दोन जिवांचं खा, मग ते डॉक्टरांनी दोन-तीन तासांनी खायला सांगितलंय, रात्रीचं आठला, तुम्ही पण माझ्याबरोबर बसा, मला एकटीला जात नाही." तुपाची धार धरणारा हात उसळ पण वाढेल बघ, त्यांना तुझं भलंच करायचंय, फक्त कुठे करायचं ते दाखवून दे. नवऱ्याला सांग की भाकऱ्या झाल्यावर वाढायचं काम त्याचं. एवढं केलं तर त्याचा हात काही झिजणार नाही.

गोळी. इथे मात्र मी ओरडणार आहे. पंधरा दिवस बंद, आणि घरी सांगितलं नाही, म्हणजे डॉक्टरांनाही नाहीच. आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्त कमी आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ५२ टक्के निघाल्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की कमी धरतात. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक, कमीत कमी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस. पालेभाजी कितीही खाल्लीस तरी एवढं लोह त्यातून भरून येत नाही, पालेभाजी पाहिजेच पण गोळीच्या जागी नाही. तुला मळमळतं कारण बहुतेक तू सकाळी चहाबरोबर घेत असशील. रिकाम्या पोटी चांगली लागू पडते हे खरं, पण सहन होत नसेल तर रात्री जेवून तासाभराने झोपताना लिंबूपाण्याबरोबर घे, मळमळ झोपेत निघून जाते. चहा-कॉफी-दूध तिच्या आसपास नको, लोह अडकतं. कॅल्शियमची गोळी असेल तर ती दिवसा जेवणाबरोबर, दोन्ही एकदम कधीच नाही. संडासला काळं होईल, होऊ दे, ते लोहाचंच आहे. बद्धकोष्ठ झालं तर पाणी वाढव. आणि तरीही जमलं नाही तर डॉक्टरांकडून बदलून घे, दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या असतात, पण गुपचूप बंद नाही करायची.

उपवासांचं तुझं तू ठरव, देवाच्या आणि तुझ्या मध्ये मी येत नाही. फक्त संकष्टीला चंद्रोदयापर्यंत नुसत्या चहावर राहणं या वेळी सोड. साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च, त्यातले शेंगदाणे तेवढे कामाचे. त्यापेक्षा भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, रताळं, दही, ताक, फळं, असं दर दोन-तीन तासांनी. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी सुनेला म्हणाल्या, "नऊ महिने तुझा उपवास मी धरते, तू जेव." किती सोपं करून टाकलं त्यांनी.

पपईचं कुणीतरी सांगेलच, कच्ची आणि अर्धीकच्ची टाळ, तिच्या चिकात गडबड असते, पूर्ण पिकलेल्या फोडीने काही होत नाही. केशराने बाळ गोरं होत नाही. अळीव बाळंतपणानंतरच खा. डोहाळजेवणात मनासारखं खा, एका दिवसाने काही बिघडत नाही.

आणि हे जरा नीट वाच. २४ ते २८ आठवड्यांत तुझी शुगरची टेस्ट होईल, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला डायबेटिस. बारीक आहे म्हणून मला नाही होणार असं समजून टाळू नकोस, आपल्या लोकांत बारीक बायकांनाही निघतो. दुसरं, पुढच्या सलग दोन व्हिजिटला वजन जागचं हललंच नाही तर डॉक्टरांना बाळाची वाढ बघायला सांग. तिसरं म्हणजे उलटं, आठवड्यात एकदम किलो-दीड किलो वाढलं, तोंडावर-हातावर सूज, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकल्यासारखं, तर ते खाण्याचं वजन नाही, बीपीचं असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही.

ॲप काढून टाक म्हणत नाही, पण त्याचं नोटिफिकेशन बंद कर. शुगरचा रिपोर्ट आला की मला कळव, हिमोग्लोबिन किती आलं तेही, आणि वजन लिहिशील तेव्हा काटा कुठला होता ते लिही.